सिमॉन क्येर : नऊ क्लब, सहा देश आणि एका बचावपटूची किंमत

१३ जानेवारी २०२० रोजी इटलीतल्या एसी मिलान या क्लबने सिमॉन क्येर हा डॅनिश सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या जागेचा बचावपटू, सहा महिन्यांसाठी लोनवर घेतला. त्या बातमीने मिलानच्या चाहत्यांना आनंद व्हावा असं काहीच नव्हतं. तीन आठवडे आधी, २२ डिसेंबरला, अटलांटाने आपल्या गावात, बेर्गामोत, मिलानला ५-० असं धुऊन काढलं होतं आणि क्येर येत होता तो त्याच अटलांटाकडून. तिथे चार महिन्यांत त्याला जेमतेम पाच-सहा सामने मिळाले होते. म्हणजे ज्या संघाने आपल्यावर पाच गोल चढवले, त्या संघालाही नकोसा झालेला बचावपटू आपण घरी आणतोय, तोही एकतिशीला टेकलेला आणि बेताच्या वेगाचा. स्टार स्ट्रायकर इब्राहिमोविच त्याच महिन्यात मिलानला परतला होता, त्यामुळे कॅमेरे सगळे तिकडे होते. क्येरच्या येण्याची दखल कुणी फारशी घेतली नाही.

पुढच्या मोसमात मिलान लीगमध्ये दुसरा आला आणि सात वर्षांनी युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये परतला. वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडणाऱ्या बॅलन डी'ऑरच्या २०२१ च्या मतदानात क्येर अठरावा होता. ज्या यादीत बचावपटूंना जागा मिळायची मारामार, तिथे.

बेर्गामो ते मिलान हे अंतर पन्नास किलोमीटर. एवढ्या अंतरात पाय बदलत नाहीत, उंची बदलत नाही, एकतिसाव्या वर्षी वेग तर नक्कीच वाढत नाही. मग तिकडे बाकावर बसवलेला माणूस इकडे बचावाचा कणा कसा झाला? या प्रश्नासाठी क्येरची अख्खी कारकीर्द तपासावी लागते, कारण त्याच्या बाबतीत हे एकदाच घडलेलं नाही. मला दिसतं ते असं: सेंटर-बॅकची किंमत त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. ती बचावरेषा किती पुढे उभी राहते, शेजारी कोण आहे, मागे गोलरक्षक कसला आहे आणि प्रशिक्षकाला नेमकं काय हवं आहे, या सगळ्यांत वाटलेली असते. कबड्डीत साखळी तुटली की उरलेल्या एका खेळाडूच्या ताकदीला अर्थ उरत नाही, तसंच हे. मोठमोठे क्लब लाखो युरो ओतताना हे विसरतात, आणि खेळाडूच्या नावापुढे मात्र 'फ्लॉप' हा शिक्का बसतो.

कुणाच्याच कागदावर नसलेलं नाव

क्येरचा जन्म २६ मार्च १९८९ चा, डेन्मार्कमधल्या होर्सेन्सचा. एफसी मिट्युलँड हा क्लब १९९९ मध्ये दोन शेजारी क्लब एकत्र येऊन उभा राहिला आणि २००४ मध्ये त्याने स्वतःची अकादमी काढली. डेन्मार्कमधली तशी ती पहिलीच. क्येर तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि त्याचे वडील क्लबमध्ये कामाला होते. एक जागा शिल्लक होती, ती भरायला म्हणून या मुलाला घेतलं, असं तिथे त्या वेळी प्रशिक्षक असलेल्या रास्मुस अँकरसन यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. काही महिन्यांनी तिथल्या प्रशिक्षकांना एक काम दिलं गेलं: यांतली कोणती पाच मुलं सर्वांत पुढे जातील, त्यांची नावं लिहा. क्येरचं नाव एकाच्याही कागदावर नव्हतं. नाव न लिहिणाऱ्यांत स्वतः अँकरसनही होते. तेच पुढे या क्लबचे अध्यक्ष झाले आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

प्रशिक्षक नालायक होते असा याचा अर्थ कुणी काढू नये. पंधराव्या वर्षी नजरेत भरतो तो चेंडू पायाशी घेऊन तिघांना चकवणारा किंवा वाऱ्यासारखा पळणारा मुलगा. चांगल्या बचावपटूचं काम वेगळं असतं. तो योग्य जागी उभा राहतो, म्हणून पास दिलाच जात नाही, म्हणून धोका तयारच होत नाही. जे घडलंच नाही ते कुणाला दिसणार?

२००७ मध्ये तो पहिल्या संघात आला, आणि २००८ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या पालेर्मोने त्याच्याशी करार पक्का केला. त्या वेळच्या बातम्यांत फी सुमारे ४० लाख युरो होती. मोठ्यांच्या फुटबॉलमधलं त्याचं एक वर्षही धड पुरं झालं नव्हतं.

सिसिलीतली दोन वर्षं

पालेर्मोचे मालक मॉरिझिओ झाम्पारिनी प्रशिक्षक बदलण्यासाठी अख्ख्या इटलीत प्रसिद्ध. क्येर उतरला त्या मोसमात लीगचा पहिलाच सामना हरल्यावर कोलांतुओनोंना घरी पाठवण्यात आलं. मग बालार्दिनी, मग झेंगा, मग देलिओ रोस्सी. दोन मोसमांत चार प्रशिक्षक. एकोणीस-वीस वर्षांच्या, भाषा न येणाऱ्या मुलासाठी हे वातावरण बिकटच म्हणायचं. तरीही तो तिथे रुजला. संघ चांगला होता: पुढे कावानी आणि मिकोली, मधे तरुण पास्तोरे, मागे सिरिगु. क्येरच्या शेजारी बहुतेक वेळा चेझारे बोवो असायचा. २००९-१० मध्ये पालेर्मोने युव्हेंटसला घरी आणि तुरिनमध्ये, दोन्ही ठिकाणी २-० ने हरवलं आणि पाचवा क्रमांक मिळवला. चॅम्पियन्स लीगची जागा दोन गुणांनी हुकली.

इटलीत बचावपटूला बचावच शिकवतात. रेषा फार पुढे नसते, अंतरं मोजून ठेवलेली असतात, आणि शेजाऱ्याने कधी पुढे जायचं व आपण कधी मागे राहायचं याचा सराव आठवडाभर चालतो. त्यामुळे प्रशिक्षक बदलले तरी क्येरच्या कामाचं स्वरूप फारसं बदललं नाही. बाहेरून गोंधळ दिसणाऱ्या या क्लबमध्ये तो टिकला त्याचं मोठं कारण हे असावं. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये तो डेन्मार्ककडून खेळला, आणि त्याच उन्हाळ्यात युरोपातले बरेच क्लब त्याच्या मागे लागले.

वोल्फ्सबुर्ग आणि रोम : फीचं ओझं

वोल्फ्सबुर्गने सुमारे १ कोटी २० लाख युरो मोजले. हा क्लब जेमतेम वर्षापूर्वी, २००९ मध्ये, बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मन लीगचा, विजेता होता. नवे प्रशिक्षक होते स्टीव्ह मॅक्लारेन, बुंडेसलिगात आलेले पहिले इंग्लिश प्रशिक्षक. कागदावर सगळं उत्तम होतं. मैदानावर संघ विस्कटला. फेब्रुवारीत मॅक्लारेन गेले, मधे लिटबार्स्कींनी गाडा ओढला, मार्चमध्ये मागाथ परतले, आणि संघ पंधरावा येऊन कसाबसा वाचला. जर्मनीत चेंडू हरवला की खेळ क्षणात उलटा फिरतो आणि मधली फळी ओलांडून थेट सेंटर-बॅकच्या अंगावर येतो. इटलीतून आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला त्यासाठी ज्या आधाराची गरज होती, तो या संघाकडे नव्हता. एवढी फी देऊन आणलेला माणूस म्हटल्यावर प्रत्येक गोलच्या वेळी बोट त्याच्याकडेच जाई.

३१ ऑगस्ट २०११ ला तो लोनवर रोमाकडे गेला. हे प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. रोमाचे प्रशिक्षक लुईस एन्रिके बार्सिलोनाच्या 'ब' संघातून नुकतेच आले होते. त्यांना चेंडू सतत आपल्याकडे हवा होता, दोन्ही फुल-बॅक (कडेचे बचावपटू) वर हवे होते आणि बचावरेषा मध्यरेषेच्या जवळ हवी होती. म्हणजे मागे निम्मं मैदान मोकळं, आणि ते सांभाळायला दोन सेंटर-बॅक. यासाठी आधी वेग लागतो, वाचन त्यानंतर. क्येरचा क्रम उलटा होता.

१६ ऑक्टोबर २०११, रोममधली डर्बी, म्हणजे त्याच शहरातल्या लाझिओविरुद्धचा सामना. पाचव्याच मिनिटाला ओस्वाल्दोने रोमाला पुढे नेलं. दुसरा हाफ सुरू होऊन काही मिनिटं होतात तोच ब्रोकी क्येरला मागे टाकून पेनल्टी क्षेत्रात घुसला, क्येरने त्याला खाली पाडलं: रेड कार्ड आणि पेनल्टी. एर्नानेसने बरोबरी साधली. दहा जणांच्या रोमाने कसाबसा तग धरला, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत क्लोजेने विजयी गोल मारला. रोममध्ये डर्बी हरणं एक वेळ माफ होतं, पण डर्बीत रेड कार्ड घेऊन हरवणाऱ्याला माफी नसते. त्या एका संध्याकाळीच त्याच्या रोममधल्या भवितव्याचा निकाल लागला असं मी म्हणेन, जरी मोसम पुढे सात महिने चालला. रोमा सातवा आला, त्याला कायम घेण्याचा पर्याय क्लबने वापरला नाही आणि तो वोल्फ्सबुर्गला परतला.

त्या फाउलमागे काय होतं ते पाहिलं पाहिजे. प्रतिस्पर्धी एकदा खांद्यापुढे निघून गेला की क्येरकडे त्याला गाठायला गियर नव्हता. अशा बचावपटूची सगळी कला प्रतिस्पर्ध्याला ती शर्यत लावूच न देण्यात असते. रोमाची रचना मात्र त्याला दर दहा मिनिटांनी शर्यतीत ढकलत होती.

लील : पडलेल्या किमतीत मिळालेली भिंत

२०१३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या लीलने त्याला घेतलं. फी दोन-तीन दशलक्ष युरोंच्या घरात, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या किमतीचा फार तर पाव हिस्सा. वय फक्त २४. बाजाराने जणू त्याचं मोजमाप करून टाकलं होतं.

लीलचे प्रशिक्षक रने जिरार हे मोंपेलिएला २०१२ मध्ये फ्रेंच विजेतेपद मिळवून देऊन आलेले. त्यांची योजना साधी होती. रेषा मागे ठेवायची, मधल्या फळीत माव्हुबा, बाल्मों आणि इद्रिसा गेये यांच्यासारखे न थकणारे पाय उभे करायचे, सेंटर-बॅकने जागा सोडायची नाही, एक गोल मारायचा आणि सामना बंद करायचा. क्येरच्या शेजारी माँटेनेग्रोचा मार्को बाशा, उंच आणि कडक. मागे नायजेरियाचा विन्सेंट एनयेआमा, गोलरेषेवर अचाट. त्या शरद ऋतूत एनयेआमा लीगमध्ये सलग १०६२ मिनिटं गोल न खाता उभा राहिला. फ्रेंच लीगचा विक्रम होता ११७६ मिनिटांचा, बोर्दोच्या गाएतां युआरचा, १९९२-९३ मधला. तो थोडक्यात हुकला. लीलने त्या मोसमात ३८ सामन्यांत अवघे २६ गोल खाल्ले आणि पॅरिस व मोनॅको या पैशाने गब्बर झालेल्या दोन क्लबांपाठोपाठ तिसरा क्रमांक पटकावला.

तो १०६२ चा आकडा गोलरक्षकाच्या नावावर लागतो, आणि लागायलाच हवा. पण त्या मोसमातल्या लीलच्या खेळात सारखं दिसायचं ते हे: क्रॉस आला की पहिल्या पोस्टजवळ क्येरचं डोकं, आणि चेंडू बाहेर गेला की लगेच त्याचा उगारलेला हात, सगळ्यांना पाच पावलं वर खेचणारा. रोममध्ये ज्याच्या मागे निम्मं मैदान मोकळं होतं, त्याच्या मागे इथे वीस मीटर होते. तेवढ्या जागेत युरोपातले फार थोडे लोक त्याच्याहून चांगले होते.

लीलनंतर २०१५ मध्ये तो इस्तंबूलला फेनरबाह्चेकडे गेला, फी साडेसात दशलक्षांच्या आसपास. तिथे दोन मोसम: एकदा संघ दुसरा, एकदा तिसरा, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडवर २-१ असा विजय. २०१६ मध्येच तो डेन्मार्कचा कर्णधार झाला. २०१७ मध्ये सेव्हियाने सुमारे १ कोटी २५ लाख युरो देऊन त्याला स्पेनला नेलं. म्हणजे फी पुन्हा वोल्फ्सबुर्गच्या पातळीवर. सेव्हियात दोन वर्षांत बेरिस्सो, मोंतेल्ला, कापारोस, माचिन, पुन्हा कापारोस अशी प्रशिक्षकांची रांग लागली, अधूनमधून दुखापतींनी गाठलं, आणि त्या रांगेत कुणाचीच पद्धत मुरली नाही. या दोन मुक्कामांबद्दल जास्त लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही. बरा खेळला, कधी चांगला खेळला, एवढंच.

बेर्गामोतले चार महिने

सप्टेंबर २०१९ च्या सुरुवातीला, ट्रान्सफरची खिडकी बंद होता होता, अटलांटाने त्याला लोनवर घेतलं. ज्यांनी जिआन पिएरो गास्पेरीनीची अटलांटा पाहिली आहे त्यांना लगेच कळेल की हे लग्न जुळणारं नव्हतं. गास्पेरीनी मैदानभर माणसामागे माणूस लावतात. प्रतिस्पर्धी स्ट्रायकर चेंडू घ्यायला मध्यरेषेपलीकडे गेला तर सेंटर-बॅकनेही त्याच्या पाठीला चिकटून तिथवर जायचं. रेषा, अंतरं, शेजाऱ्याची जागा हे सगळं दुय्यम. तुम्ही आणि तुमचा माणूस, नव्वद मिनिटं. तो वळून निसटला तर मागे चाळीस मीटर ओसाड. तोलोई, पालोमिनो, जिमसिती यांनी हे अंगवळणी पाडून घेतलं होतं, आणि तरीही त्यांची दमछाक व्हायची. मोसमापूर्वीची तयारी हुकलेल्या, तीस ओलांडलेल्या, जागा धरून विचार करणाऱ्या क्येरला हे जमणं कठीणच होतं. गास्पेरीनींना दोष देता येत नाही, क्येरलाही नाही. हा करार करताना या दोघांची सांगड कशी बसणार याचा विचार ज्याने करायला हवा होता, त्याने तो केला नाही.

मिलानची अडचण अगदी वेगळी होती. ऑक्टोबरमध्ये आलेल्या स्तेफानो पिओलींच्या हाती कोवळा संघ होता. गोलरक्षक दोन्नारुम्मा विशीतला, डावीकडचा तेओ एर्नांडेस बावीसचा आणि कायम पुढे धावणारा, बेन्नासेर बावीसचा. बचावात कर्णधार रोमान्योली होता, पण तो स्वभावाने अबोल. त्या मागच्या फळीला ओरडणारा माणूस हवा होता: तेओ पुढे गेला की रेषा डावीकडे सरकवणारा, मिडफिल्डर केसीला मागे बोलावणारा, दोन्नारुम्माशी सतत बोलणारा. शिवाय चार जणांची रेषा आणि पुढे दोन मिडफिल्डरांचं कवच. क्येरला लीलमध्ये जे मिळालं होतं, जवळपास तेच. वर त्याचा उजव्या पायाचा लांब तिरका पास या संघाच्या कामी आला.

परिणाम हळूहळू दिसला. मार्चमध्ये कोविडमुळे लीग थांबली, जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर सुरू झाली. प्रेक्षक नसल्यामुळे टीव्हीवरही खेळाडूंचे आवाज ऐकू येत आणि त्यात क्येरचा वारंवार ओळखू येई. ८ मार्च २०२० च्या पराभवानंतर मिलान लीगमध्ये पुढचे २७ सामने हरला नाही. ती मालिका युव्हेंटसने तोडली, ती थेट ६ जानेवारी २०२१ ला. त्याआधीच, जुलै २०२० मध्ये, क्लबने सुमारे ३५ लाख युरोंना त्याला कायमचं घेऊन टाकलं होतं.

आता फीचा क्रम एका ओळीत मांडून पाहा, दशलक्ष युरोंत: ४, १२, दोन-तीन, साडेसात, साडेबारा, साडेतीन. सर्वांत महाग ठरलेल्या दोन ठिकाणी त्याचा खेळ खुलला नाही, आणि सर्वांत स्वस्तात घेणाऱ्या दोन क्लबांना त्याने सर्वांत जास्त दिलं. फी आदल्या मोसमाचा खेळ पाहून ठरते, आणि तो खेळ दुसऱ्याच कुणाच्या रचनेत झालेला असतो.

जानेवारी २०२१ मध्ये चेल्सीकडून फिकायो टोमोरी आला. कोप्पा इतालिया या इटलीच्या कप स्पर्धेत, इंटरविरुद्धच्या डर्बीत, क्येर जखमी होऊन बाहेर गेला आणि टोमोरी त्याच्या जागी मिलानसाठी पहिल्यांदा उतरला. पुढे हेच दोघे शेजारी झाले. टोमोरीकडे वेग, क्येरकडे नजर. टोमोरी बेधडक पुढे झेपावू शकत होता, कारण मागची जागा आधीच कुणीतरी हेरून ठेवलेली असे. या जोडीमुळे पिओलींना रेषा आणखी वर नेता आली आणि माणसाला माणूस भिडवता आला, जवळजवळ गास्पेरीनींच्या वळणावर. बेर्गामोत जे क्येरला झेपलं नाही, त्याची सौम्य आवृत्ती तो मिलानमध्ये खेळला. शेजारी योग्य असेल तर तीस ओलांडलेला माणूसही नवं शिकतो, हे पाहणं मला फार आवडलं.

त्याच काळातला ११ मार्च २०२१ चा, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा हेडर राहून जायला नको. ९२ वं मिनिट, क्रुनिचचा कॉर्नर, पहिल्या पोस्टजवळ क्येर, गोलरक्षक हेंडरसनच्या हातांतून चेंडू आत, १-१.

पार्केन, १२ जून २०२१

भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. युरो स्पर्धेतला डेन्मार्क-फिनलंड सामना कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर साडेनऊला सुरू झाला होता आणि पहिला हाफ संपत आला होता. थ्रो-इनचा चेंडू पायावर घ्यायला पुढे झालेला डेन्मार्कचा मिडफिल्डर ख्रिस्तियन एरिक्सन कुणी हात न लावता कोसळला. आपल्याकडे ज्यांनी हे थेट पाहिलं, त्यांतला कुणीही ते विसरला नसेल.

क्येर धावत गेला. एरिक्सनला कुशीवर वळवून त्याचा श्वास मोकळा ठेवण्याची खटपट केली, आणि डॉक्टर आल्यावर बाजूला झाला. त्या रात्री फिरलेल्या कितीतरी पोस्टींत छातीवर दाब देऊन क्येरनेच जीव वाचवला असं म्हटलं होतं. ते बरोबर नाही. आपण पोचलो तेव्हा एरिक्सनचा श्वास चालू होता आणि नाडी लागत होती, पण चित्र झपाट्याने बदललं आणि मग छातीवर दाब देणं सुरू केलं, असं संघाचे डॉक्टर मॉर्टेन बोएसन यांनी सांगितलं. विजेचा झटका वैद्यकीय पथकाने दिला, आणि त्या पथकाचं श्रेय त्यांनाच मिळालं पाहिजे. क्येरने पुढे जे केलं तेही लहान नव्हतं. त्याने सहकाऱ्यांना बोलावून पाठमोरं कडं करायला लावलं, म्हणजे कॅमेऱ्यांना आणि हजारो डोळ्यांना तो देह दिसू नये. एरिक्सनची जोडीदार मैदानाच्या कडेला आली, तेव्हा क्येर आणि गोलरक्षक श्मायकेल तिच्याकडे गेले आणि तिला धरून उभे राहिले.

हे दोघे फक्त संघमित्र नव्हते. शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना दोघेही एकाच दिवशी खेळले होते, १४ ऑक्टोबर २०२० ला वेम्बलीवर. क्लबच्या बाबतीत एक मिलानचा आणि दुसरा इंटरचा, एका शहरातले प्रतिस्पर्धी.

सामना त्याच रात्री पुन्हा सुरू झाला, आपल्या घड्याळात मध्यरात्रीला. पुन्हा खेळायला नको होतं, असं प्रशिक्षक कॅस्पर ह्युलमांड पुढे म्हणाले, आणि ते अगदी खरं आहे. क्येर मैदानात आला, पण ६३ व्या मिनिटाला त्याने बाहेर काढायला सांगितलं. त्याच्याने पुढे खेळवेना. दोन तासांपूर्वी सगळ्यांना सावरणारा माणूस आता स्वतः सावरत नाही हे त्याने जगासमोर मान्य केलं. कर्णधारपदाचा हा भाग मला त्या पाठमोऱ्या कड्याइतकाच मोठा वाटतो. डेन्मार्क तो सामना ०-१ हरला. ऑगस्टमध्ये युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने, क्येर आणि त्या वैद्यकीय पथकाला अध्यक्षांचा पुरस्कार दिला.

डेन्मार्क पुढे उपांत्य फेरीपर्यंत पोचला: रशियावर ४-१, वेल्सवर ४-०, चेक प्रजासत्ताकावर २-१. ७ जुलैला वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध डाम्सगोरच्या फ्री किकने डेन्मार्क पुढे होता. ३९ व्या मिनिटाला साकाने उजवीकडून गोलसमोर जमिनीलगत चेंडू फेकला. क्येरच्या मागे, रिकाम्या गोलपुढे, स्टर्लिंग उभा. क्येरने पाय ताणला आणि चेंडू त्याच्या पायाला लागून आत गेला. नोंदवहीत 'क्येर, स्वयंगोल' अशी ओळ आहे. पाय ताणला नसता तर स्टर्लिंगने तो चेंडू आत ढकललाच असता. जादा वेळेत इंग्लंड २-१ ने जिंकला.

गुडघा, आणि माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी गोष्ट

१ डिसेंबर २०२१ ला जेनोआविरुद्ध सामना सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती, तोच क्येर डाव्या गुडघ्यावर कोसळला. लिगामेंट फाटले होते. शस्त्रक्रिया झाली आणि मोसम संपला. मिलानने तो दुखापतीत असतानाच करार २०२४ पर्यंत वाढवला. फुटबॉलच्या धंद्यात हे सहजी घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

पण इथे एक प्रश्न टाळता येत नाही. क्येरविना मिलानचं काय झालं? पिएर कालुलू नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा त्याच्या जागी आला, टोमोरीशेजारी उभा राहिला, आणि लीगच्या शेवटच्या ११ सामन्यांत मिलानने फक्त २ गोल खाल्ले. २२ मे २०२२ ला सासुओलोवर ३-० ने मात करून क्लब अकरा वर्षांनी विजेता झाला. मग क्येर एवढा महत्त्वाचा होता कुठे?

मला हा पुरावा त्याच्या विरोधात वाटत नाही. टोमोरी आणि कालुलू दोघेही पळणारे, म्हणून रेषा आणखी वर गेली आणि संघाने खेळाची तऱ्हाच किंचित बदलली. नवी जोडी, नवी रचना. शिवाय त्या मुलांनी जी शिस्त दाखवली ती आधीच्या दोन वर्षांत तयार झाली होती, आणि तेव्हा त्या फळीत सतत बोलत होता तो क्येरच. यातला दुसरा भाग आकड्यांनी सिद्ध करता येत नाही, हे मान्य आहे.

तो परतला तेव्हा वेग आणखी घटला होता. तरी १८ एप्रिल २०२३ ला नेपल्समध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीचा दुसरा सामना तो खेळला, ३४ व्या वर्षी, ओसिमेनसमोर. त्या मोसमात इटलीचा विजेता ठरलेल्या नापोलीचा ओसिमेन तेव्हा थोपवता थोपत नव्हता. त्याला गोल मिळाला तो नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, तोवर मिलान दोन्ही सामने मिळून पुढे गेल्यात जमा होता. १-१ च्या त्या बरोबरीने मिलान उपांत्य फेरीत पोचला.

मे २०२४ मध्ये मिलानने त्याला निरोप दिला. त्या उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठी तो डेन्मार्कच्या चमूत होता. तोवर १३२ सामन्यांसह तो देशाकडून सर्वाधिक खेळलेला पुरुष खेळाडू होता, पीटर श्मायकेलचा १२९ चा विक्रम त्यानेच मोडला होता. २५ जून २०२४ ला म्युनिकमध्ये सर्बियाविरुद्ध उतरून एरिक्सनने तो विक्रम आपल्या नावावर घेतला.

१३ जानेवारी २०२५ ला क्येरने निवृत्ती जाहीर केली. मिलानच्या त्या बातमीला बरोबर पाच वर्षं झाली होती. सहा देशांतल्या नऊ क्लबांत मिळून लीगचं विजेतेपद त्याच्या वाट्याला एकच आलं, २०२२ चं, आणि त्या मोसमात लीगचे ११ सामने खेळून तो गुडघा घेऊन बाहेर बसला होता.